घर घेण्याआधीचं बिल्डिंग इन्स्पेक्शन (बडोदा)

घराचा सौदा पक्का करायच्या आधी एखाद्या सिव्हिल किंवा स्ट्रक्चरल इंजिनियरला घेऊन जायचं, त्याच्याकडून पायापासून धाब्यापर्यंत सगळं बांधकाम तपासून घ्यायचं आणि लेखी रिपोर्ट मागायचा, याला बिल्डिंग इन्स्पेक्शन म्हणतात. अमेरिकेत बऱ्याच सौद्यांत याची अटच असते, मोठं काही निघालं तर घेणारा बाहेर पडू शकतो. आपल्याकडे तसं कम्पल्सरी काही नाही, आणि बडोद्यात तर रिसेलचं घर बघायला जाताना लोक दलालाला नेतात, वास्तुवाल्याला नेतात, वकिलाकडून टायटल क्लियर करून घेतात, पण इंजिनियरला न्यायचं म्हटलं की "घर उभं तर आहे ना, मग?" असं ऐकायला मिळतं.

एक गैरसमज नेहमीचा, की बँकेचा माणूस येऊन गेला म्हणजे घर तपासून झालं. तो व्हॅल्युअर असतो, त्याला बघायचं असतं की लोन बुडालं तर हे घर विकून किती येतील, बाथरूमचा उतार कुठल्या बाजूला आहे हे तो कशाला बघेल. बीयू परमिशनचंही (बिल्डिंग यूज, म्हणजे इमारत वापरायची परवानगी) तसंच, ती मिळाली त्या दिवशी बांधकाम नियमात होतं एवढंच त्यातून कळतं, नंतर वीस वर्षांत वरच्या मजल्यावरून काय काय झिरपलं ते नाही.

काय बघायचं हे घर कुठे आहे त्यावर ठरतं. दांडिया बाजार, बाबाजीपुरा या जुन्या भागात, जिथे गायकवाडी काळापासून आपली मराठी घरं आहेत, तिथे जुनं बांधकाम म्हणजे सागवानी खांब, तुळया, कडीपाट आणि चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती. सागवान पिढ्यान् पिढ्या टिकतं, पण ते कुजतं दोन जागी, खांब जिथे खालच्या दगडावर टेकतो तिथे आणि तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे. खांबाला ऑइलपेंटचे पाच-सहा थर, बाहेरून गुळगुळीत, हात फिरवला तर काही कळत नाही, पण टोकदार पेचकस दगडापासून चार बोटं वर टेकवून दाबला की पापड मोडल्यासारखा आवाज येतो, पेचकस मुठीपर्यंत आत जातो आणि बाहेर येते ती माती. उधई, म्हणजे वाळवी. या घरांत शेजारच्याची आणि आपली भिंत पुष्कळदा एकच असते, त्यामुळे शेजाऱ्याने त्याचं पाडून नवीन आरसीसी बांधलं असेल तर आपल्या भिंतीला आता आधार कशाचा, हेही विचारायचं.

बाहेरच्या टेनामेंट (इथल्या भाषेत सोसायटीतलं स्वतंत्र बैठं घर) आणि डुप्लेक्सच्या सोसायट्यांत गोष्ट वेगळी, तिथे दुखणं बहुतेक जमिनीचं असतं. बडोद्याच्या पुष्कळ भागात काळी माती आहे, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून फाटते, आणि पाया वरवरचा असेल तर घर तिच्याबरोबर वरखाली होतं. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते, दरवाजे पावसाळ्यात अडकतात. प्लास्टरची केसासारखी चीर वेगळी, तिला घाबरायचं नाही. तीच चीर भिंतीच्या आतून आणि बाहेरून एकाच जागी दिसली आणि तिच्यात नाण्याची कड बसली तर मात्र इंजिनियर थांबतो. चिरेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख टाकायची जुनी पद्धत आहे, पट्टी तडकली म्हणजे हालचाल अजून चालू.

पुराचंही बघायचं. शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट, ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. समा, वडसर, मुजमहुडा या बाजूचं घर असेल तर विकणाऱ्याला नाही, समोरच्या पानवाल्याला विचारा पाणी कुठवर आलं होतं. आमच्या मावशीने टेनामेंट घेतलं तेव्हा खालच्या खोलीला कमरेपर्यंत नवीन लाकडी पॅनेलिंग होतं, सगळ्यांना फार आवडलं, पहिल्या पावसानंतर काढलं तर मागे भेज, म्हणजे ओल, आणि बुरशी!

फ्लॅटमध्ये मुख्य शत्रू गंज. चांगल्या काँक्रीटमध्ये अल्कली असते, ती सळईला सांभाळते. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरला की ती संपते, सळई गंजून फुगते आणि स्लॅबचे पोपडे पडतात. हे तपासायला काँक्रीट थोडं फोडून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन टाकतात, गुलाबी झालं तर ठीक, रंग आला नाही तर तेवढ्या जाडीतली अल्कली संपली. रिबाउंड हॅमरही मारतात, पण तो फक्त वरच्या थराचा कडकपणा सांगतो आणि अशा जुन्या काँक्रीटला उलट जास्तच मार्क देतो, म्हणून त्याच्या एकट्याच्या आकड्यावर जाऊ नये. खाली नुसते खांब आणि पार्किंग, म्हणजे इथल्या भाषेत हॉलो प्लिंथ असेल तर त्या खांबांकडे जास्त बघायचं, २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत अशाच कितीतरी बिल्डिंगी बसल्या. टाइल्स नाण्याने ठोकणं, अर्थिंग, नळाचं प्रेशर, हे अर्ध्या तासात होतं.

कायदा थोडाफार बाजूने आहे. १८८२ च्या ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या नजरेने न दिसणारा मोठा दोष त्याने सांगायलाच हवा, पण त्याला माहीत होतं हे सिद्ध करता करता दम निघतो. नव्या प्रोजेक्टला २०१६ चा रेरा कायदा लागतो, ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत स्ट्रक्चरल दोष दाखवला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा.

तपासणी बानाखताच्या (विक्रीच्या कराराच्या) आधी करायची, बाना म्हणजे विसार दिल्यावर भावात घासाघीस करायला हातात काही राहत नाही. जमलं तर घर एकदा जुलै-ऑगस्टमध्ये बघा, आणि खालच्या फ्लॅटवाल्यांकडे चहाला म्हणून जाऊन त्यांच्या बाथरूमचं छतही बघून या.