गोळी बंद केली आणि डोक्यात करंट

“मान वळवली की डोक्यात करंट गेल्यासारखं होतंय गं.” सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या शेजारच्या काकू दाराची चौकट धरून उभ्या होत्या. रस्ता ओलांडताना इकडंतिकडं बघितलं की झटका, चालताना तोल जातोय, रात्री भलतीच स्वप्नं. चार दिवसांपूर्वी त्यांनी नैराश्याची गोळी बंद केली होती, कुणालाही न विचारता. बरं वाटतंय, मग कशाला रोज गोळी? घरात दोन तर्क लढवले गेले. एक, आजार उलटला. दुसरा, गोळीची नशा लागली.

मला दोन्ही पटले नाहीत. नशेत हाव असते, मात्रा वाढवत जावी लागते. इथं तसं काही नव्हतं. नैराश्याची बरीचशी औषधं चेतापेशींमधल्या फटीतलं सेरोटोनिन, म्हणजे निरोप पोचवणारं एक रसायन, परत शोषलं जाऊ देत नाहीत. महिनोन् महिने ते जास्त राहिलं की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. गोळी एका दिवसात थांबते, मेंदूची ही घडी मात्र एका दिवसात मोडत नाही. कोयना धरणाचं पाणी सोडलं तरी सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ते लगेच लागत नाही; तसा हा त्रासही बहुधा दोन-चार दिवसांनी जाणवतो. यातली पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन ही औषधं शरीरातून लवकर निघून जातात, त्यामुळे त्यांचा त्रास जास्त. फ्लुओक्सेटिन कित्येक आठवडे रेंगाळतं, त्याचा कमी.

2024 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले. औषध थांबवणाऱ्यांपैकी सुमारे 31 टक्क्यांना काही ना काही त्रास झाला. औषध नसलेली नुसती गोळी थांबवणाऱ्यांतही तो 17 टक्क्यांना झाला. तीव्र त्रास साधारण 3 टक्क्यांना. म्हणजे घाबरून जायचं कारण नाही, पण ‘मनाचे खेळ’ म्हणून झटकून टाकणं हा पेशंटवर अन्याय आहे.

गोळी कमी करण्याचं गणितही सरळ नाही. सिटालोप्रॅम या अशाच औषधाची 20 मिलिग्रॅमची गोळी सेरोटोनिन शोषणाऱ्या जागांपैकी सुमारे 80 टक्के अडवते. 10 वर आलं तरी 70 टक्के अडलेल्याच असतात. 5 वरून शून्यावर उडी मारली की राहिलेले जवळपास 60 टक्के एकदम सुटतात. म्हणून शेवटची पावलं सगळ्यांत लहान आणि सावकाश हवीत, आणि तीही डॉक्टरांना विचारूनच.

काकूंना डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू करून दिली आणि दोन दिवसांत करंट थांबला. आजार उलटला असता तर इतक्या लवकर उतार पडला नसता. त्याला आठवडे लागतात. आता त्या अर्धी गोळी घेतात आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज पेन्सिलीनं बरोबरची खूण करतात.