जॉर्डनवाले सुखवस्तू की आर्मेनियावाले?

अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या जॉर्डेनियन आणि आर्मेनियन लोकांत पैशाने कोण बरं आहे? प्रश्न दिसायला सोपा. अमेरिकेचं जनगणना खातं दर वर्षी सुमारे ३५ लाख घरांना एक लांबलचक फॉर्म धाडतं. उत्पन्न, घरभाडं, शिक्षण, नोकरी, जन्मदेश, घरात बोलली जाणारी भाषा, सगळं त्यात विचारलेलं असतं. २००० सालापर्यंत हा मोठा फॉर्म दहा वर्षांतून एकदा, साधारण सहा घरांमागे एका घराला जायचा. २००५ पासून तो ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ या नावाने वर्षभर चालू असतो. तेव्हा आकड्यांचा तुटवडा नाही. दोन रकाने काढले, शेजारी ठेवले, झालं काम. अनेक जण तसंच करतात, आणि इंटरनेटवर अशा तक्त्यांचा सुकाळ आहे.

अडचण रकान्याच्या डोक्यावर लिहिलेल्या नावात आहे.

सर्वेक्षण माणसाला दोन वेगळे प्रश्न विचारतं. जन्म कुठे झाला, हा एक. तुमचं मूळ किंवा वंश काय, हा दुसरा; त्याचं उत्तर माणूस स्वतःच्या हाताने लिहितो. जॉर्डनच्या बाबतीत ही दोन उत्तरं सहज फटकून पडतात. जॉर्डन १९४६ मध्ये स्वतंत्र झालं. १९४८ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तिथे पॅलेस्टिनी निर्वासितांचे लोंढे आले, १९५० मध्ये जॉर्डनने वेस्ट बँक आपल्याला जोडून घेतला आणि तिथल्या लोकांना नागरिकत्व दिलं. त्यामुळे जॉर्डनच्या पासपोर्टवर अमेरिकेत आलेला, जॉर्डनच्या राजधानीत, अम्मानमध्येच जन्मलेला माणूस मुळाच्या रकान्यात ‘पॅलेस्टिनी’ लिहितो, कधी नुसतं ‘अरब’. पुढे १९९०-९१ च्या आखाती युद्धानंतर कुवेतमधून सुमारे तीन लाख माणसं जॉर्डनमध्ये परतली. त्यांच्यापैकी जी कुटुंबं नंतर अमेरिकेला गेली, त्यांच्या मुलांचा जन्मदेश कुवेत लागतो.

आर्मेनियनांचं उलट आहे. ऑटोमन तुर्कस्तानातल्या १९१५ च्या वंशसंहारातून वाचलेली माणसं बैरुत, अलेप्पो, तेहरान, कैरो अशा शहरांत विखुरली आणि त्यांची मुलंनातवंडं तिथेच जन्मली. ‘जन्मदेश : आर्मेनिया’ एवढंच धरलं तर अमेरिकेतले अर्धेअधिक आर्मेनियन हिशेबातून गळतात. म्हणून त्यांना मुळाच्या प्रश्नावरून मोजावं लागतं.

आता अम्मानमधल्या अश्रफिया या टेकडीवरच्या भागात या. तिथे आर्मेनियनांची छोटी जुनी वस्ती आहे, १९१५ च्या निर्वासितांच्या वंशजांची. समजा तिथला एक सोनार कॅलिफोर्नियात गेला आणि त्याने फॉर्म भरला. जन्मदेश जॉर्डन, मूळ आर्मेनियन. जन्मदेशावरून मोजलं तर त्याचं उत्पन्न जॉर्डनच्या खात्यात पडेल, मुळावरून मोजलं तर आर्मेनियाच्या. अशी माणसं थोडी आहेत, त्यांच्यामुळे उत्तर पालटणार नाही. पण या दोन ‘समाजां’मधली रेघ किती पातळ आहे ते दिसतं.

हाताने लिहिलेल्या उत्तरावर फॉर्मचाही प्रभाव पडतो. मुळाच्या प्रश्नाखाली नमुन्यादाखल काही नावं छापलेली असतात. १९८० च्या जनगणनेत त्यांत ‘इंग्लिश’ होतं आणि ४ कोटी ९६ लाख लोकांनी आपलं मूळ इंग्लिश सांगितलं. १९९० मध्ये ते नाव यादीतून गेलं आणि आकडा ३ कोटी २७ लाखांवर आला. दहा वर्षांत पावणेदोन कोटी इंग्रज कुठे बेपत्ता झाले नव्हते! सध्याच्या फॉर्मवर नमुन्यात ‘लेबनीज’ आहे. जॉर्डेनियनही नाही आणि आर्मेनियनही नाही.

इतक्या चाळणीतून जे उरतं ते असं : २००० च्या जनगणनेत सुमारे ३ लाख ८५ हजार आर्मेनियन आणि जेमतेम ४० हजार जॉर्डेनियन.

संख्येपेक्षा मोठा फरक आहे तो कधी आले याचा. आर्मेनियन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येत होते. मॅसेच्युसेट्समधल्या वूस्टरच्या तारेच्या कारखान्यात आणि वॉटरटाउनच्या रबराच्या कारखान्यात ते मजुरी करत, कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोला द्राक्षं पिकवून मनुके करत. पैसा साठवायचा तर जमीन हवी, आणि कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्याने ज्यांना नागरिक होता येत नाही त्यांना शेतजमीन घेता येत नव्हती. नागरिक व्हायचं तर त्या काळी ‘गोरा’ ठरावं लागे. कृष्णवर्णीयांसाठी वेगळी तरतूद होती, आशियाई लोकांना मात्र दार बंद. फेब्रुवारी १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतातून आलेल्या भगतसिंग थिंड यांना गोरे मानायला नकार दिला आणि तिथल्या भारतीयांच्या नागरिकत्वावर गदा आली. त्यानंतर लवकरच, थिंड यांचा खटला जिथून सुरू झाला त्याच ओरेगन राज्यात टाटोस कार्टोझियन या गालिचे विकणाऱ्या आर्मेनियन व्यापाऱ्याचं नागरिकत्व रद्द करण्यासाठी सरकार न्यायालयात गेलं. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांची साक्ष झाली, आणि १९२५ मध्ये न्यायालयाने आर्मेनियन गोरे आहेत असा निकाल दिला. फ्रेझ्नोच्या मळेवाल्यांची जमीन शाबूत राहिली. तिकडे कॅलिफोर्नियातल्या पंजाबी शेतकऱ्यांना दुसऱ्याच्या नावावर जमीन ठेवून शेती करावी लागत होती. आजच्या उत्पन्नाच्या रकान्यात हा निकाल कुठे दिसत नाही. त्याचं व्याज मात्र तीन पिढ्या चालू आहे.

फ्रेझ्नोच्याच एका आर्मेनियन शेतकऱ्याच्या घरी १९१७ मध्ये कर्क केर्कोरियन जन्मला. आठवीत शाळा सोडली, पुढे लास व्हेगासमध्ये प्रचंड हॉटेलं बांधली आणि अब्जाधीश झाला. असा एक माणूस चार लाखांच्या समाजाची सरासरी एकट्याने वर ढकलतो. म्हणूनच अशा तुलनेत सरासरी न घेता मध्यक घेतात : सगळी घरं उत्पन्नाप्रमाणे ओळीत उभी केली तर नेमक्या मधल्या घराचं उत्पन्न. केर्कोरियन कितीही श्रीमंत झाला तरी मधलं घर जागचं हलत नाही.

पण मध्यकही सगळं सांगत नाही, कारण आर्मेनियनांची ओळ अनेक ओळी जोडून झालेली आहे. वूस्टर-फ्रेझ्नोवाल्यांची नातवंडं अमेरिकेत जन्मलेली, शिकलेली, घरदार असलेली. त्यांच्या मागे १९७५ नंतर यादवीतून निसटलेले लेबनॉनचे व्यापारी, मग १९७९ च्या क्रांतीनंतर आलेले इराणचे शिकलेसवरलेले लोक, मग सोव्हिएत आर्मेनियातून निर्वासित म्हणून आलेले. डिसेंबर १९८८ चा स्पिटाकचा भूकंप, १९९१ चं स्वातंत्र्य आणि त्यानंतरचे विजेविना अंधारात काढलेले हिवाळे यांनी आणखी माणसं बाहेर काढली. लॉस एंजेलिसला चिकटून असलेल्या ग्लेन्डेल शहरात या सगळ्यांचे शेजारी-शेजारी संसार आहेत. आर्मेनियाच्या राजधानीत, येरेव्हानमध्ये इंजिनिअर असलेला पन्नाशीचा माणूस इंग्रजी येत नाही म्हणून तिथे टॅक्सी चालवतो, आणि त्याच गल्लीत तिसऱ्या पिढीचा आर्मेनियन डॉक्टर राहतो. दोघांचा मध्यक काढून काय कळणार?

जॉर्डेनियन मुख्यतः उशिरा आले. देशोदेशीचे कोटे रद्द करणारा १९६५ चा कायदा आणि १९६७ चं अरब-इस्रायल युद्ध यांच्यानंतर त्यांची वाट रुंदावली. आधी आलेल्या भावाने बहिणीला बोलवायचं, तिने नवऱ्याकडच्यांना, अशी साखळी. न्यू जर्सीतलं पॅटरसन, न्यूयॉर्कजवळचं यॉन्कर्स, शिकागोजवळचं ब्रिजव्ह्यू ही त्यांची ठिकाणं. बरेच जण किराणा दुकान, पेट्रोल पंप अशा धंद्यांत शिरले, काही इंजिनिअरिंग शिकायला येऊन तिथेच राहिले.

स्थलांतराच्या अर्थशास्त्रात या ‘कधी आले’वरून एक गाजलेला वाद झाला. बॅरी चिझविक यांनी १९७८ मध्ये, १९७० च्या जनगणनेवरून, असं मांडलं की स्थलांतरित सुरुवातीला कमी कमावतात, पण दहा-पंधरा वर्षांत स्थानिकांना गाठतात आणि पुढेही जातात. आशादायक निष्कर्ष होता. १९८५ मध्ये जॉर्ज बोर्हास यांनी त्यातली मेख दाखवली : एकाच वर्षाच्या जनगणनेत वीस वर्षांपूर्वी आलेला आणि काल आलेला ही दोन वेगळी माणसं असतात. जुना माणूस जास्त कमावतो तो वीस वर्षांत वर चढला म्हणून, की त्या काळी येणारेच जास्त शिकलेले होते म्हणून, हे एका फोटोवरून ठरत नाही. दोन जनगणना घेऊन त्याच तुकडीचा माग काढला तेव्हा चढण बरीच कमी भरली. आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर ‘अमेरिकेत भारतीय सर्वांत श्रीमंत’ हा संदेश फिरतो, त्याचीही हीच गत. एच-वन-बी व्हिसाने पदवीधर निवडूनच घेतले, तर त्यांचं उत्पन्न जास्त निघेल यात नवल काय?

पुढची मेख ‘घराचं उत्पन्न’ या शब्दांत. घरात मिळवते किती? स्त्रियांचं नोकरीतलं प्रमाण जॉर्डनमध्ये जगातल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी आहे, सातांत एखादीच. सोव्हिएत आर्मेनियात मात्र बाईने नोकरी करणं ही रोजची गोष्ट होती. ही सवय विमानात बसल्यावर लगेच बदलत नाही. म्हणजे दोन्हीकडच्या पुरुषांची कमाई सारखी असली तरी आर्मेनियन घराचा आकडा वर जाऊ शकतो. आणि खाणारी तोंडं किती? समजा एका घराचं उत्पन्न ८० हजार डॉलर आणि माणसं पाच. दुसऱ्याचं ६० हजार आणि माणसं दोन. पाच जणांना दोघांच्या अडीचपट खर्च येत नाही, स्वयंपाकघर एकच लागतं. म्हणून उत्पन्नाला माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागण्याची रीत आहे. पहिल्या घराचे होतात सुमारे ३५,८००, दुसऱ्याचे ४२,४००. मघाशी मागे असलेलं घर पुढे गेलं. जॉर्डेनियन कुटुंबं तरुण आणि लेकुरवाळी, आर्मेनियनांत म्हातारी माणसं जास्त. तेव्हा हा भागाकार केला की नाही हे तुलना वाचताना आधी बघावं.

गरिबी मोजायची तर आणखी गंमत. अमेरिकेची दारिद्र्यरेषा मॉली ऑर्शान्स्की या सरकारी अर्थतज्ज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात आखली : काटकसरीच्या जेवणाचा खर्च काढा आणि त्याला तिनाने गुणा, कारण तेव्हा साधारण एक तृतीयांश पैसा जेवणावर जात असे. महागाईनुसार आकडा वाढतो, पण शहरानुसार बदलत नाही. २०२३ मध्ये चौघांच्या कुटुंबाला वर्षाला सुमारे ३१ हजार डॉलर, मग ते मिसिसिपीतल्या खेड्यात राहोत की ग्लेन्डेलमध्ये, जिथे दोन खोल्यांच्या भाड्यातच २४ हजारांवर जातात. आर्मेनियन लॉस एंजेलिसभोवती एकवटलेले असल्याने त्यांची तंगी या रेषेच्या वर राहून लपते. २०११ पासून घरभाडं धरणारं पूरक माप निघतं, ते जास्त प्रामाणिक आहे.

सरकारी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण तर मी तुलनेतून सरळ काढून टाकेन. निर्वासित म्हणून आलेल्याला फूड स्टॅम्प (किराण्यासाठी सरकारी मदत), मेडिकेड (गरिबांचा सरकारी आरोग्यविमा), वृद्धांचा भत्ता लगेच मिळू शकत होता. भावाने बोलावून ग्रीन कार्डावर आलेल्याला १९९६ च्या कायद्याने अशा बहुतेक केंद्रीय मदतीसाठी पाच वर्षं थांबवलं. सोव्हिएत आर्मेनियातले अनेक जण आणि २००४ नंतर व्हिएन्नामार्गे येणारे इराणचे आर्मेनियन ख्रिश्चन पहिल्या दाराने आले, जॉर्डेनियन बहुतेक दुसऱ्या. एक जण मदत घेतो आणि दुसरा घेत नाही, यातून कष्टाळूपणाचे निष्कर्ष काढणारे लेख वाचले की डोक्याला हात लावावासा वाटतो.

आणि दुकानदार? गल्ल्यातला पैसा फॉर्मवर पूर्ण येत नाही. अर्थतज्ज्ञांनी ते पकडायची एक चलाख पद्धत काढली : सारखं उत्पन्न सांगणारा नोकरदार आणि धंदेवाला घ्या आणि त्यांचा किराण्यावरचा खर्च बघा. धंदेवाल्याचा खर्च सारखा जास्त निघतो. त्यावरून अमेरिकेतल्या सर्वेक्षणांत धंदेवाले आपलं उत्पन्न साधारण पाव हिश्शाने कमी सांगतात असा अंदाज निघाला. ज्या समाजात दुकानं जास्त, तो कागदावर तेवढा गरीब. यात पगार न घेता शाळा सुटल्यावर काउंटरवर बसणारी मुलं वेगळीच.

मला विचाराल तर एकच तुलना करण्यासारखी आहे : त्याच दशकात आलेले, तीस ते पन्नास वयाचे, सारखं शिकलेले, एकाच प्रकारच्या व्हिसावरचे जॉर्डेनियन आणि आर्मेनियन. पण सर्वेक्षणात व्हिसा विचारत नाहीत. शिवाय ३५ लाख पत्ते म्हणजे अमेरिकेतल्या साधारण चाळीस घरांमागे एक. २००० मधला ४० हजारांचा आकडा धरला तर वर्षाला फार तर हजारेक जॉर्डेनियन माणसं हाती लागतात, अडीच-तीनशे घरं. त्यातून वय, शिक्षण, आगमनाचं दशक अशा चाळण्या लावल्या की पंधरा-वीस घरं उरतात, आणि त्यांच्या मध्यकातली संभाव्य चूक दोन समाजांतल्या फरकापेक्षा मोठी होऊन बसते. मग पाच वर्षांचे फॉर्म एकत्र करतात. २०१९ ते २०२३ चे केले तर त्यात टाळेबंदीत बंद पडलेलं दुकान आणि त्याच्या आधीचं चालतं दुकान एकाच ओळीत येतात.