डुकराचा श्वास, गायीचं नाक

मार्च १९८१. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावर गायींना लाळ्या-खुरकूत झाल्याचं आढळलं. महिन्याच्या सुरुवातीलाच हा रोग फ्रान्समधल्या ब्रिटनीत, डुकरांच्या फार्मवर दिसला होता. मधे अख्खी इंग्लिश खाडी, अंतर अडीचशे किलोमीटरहून जास्त. वाटेतल्या जर्सी बेटावरही गायी आजारी पडल्या. प्रयोगशाळेत विषाणू ताडून पाहिले, तर तिन्ही ठिकाणचे एकाच घराण्यातले निघाले. त्या दिवसांतल्या वाऱ्याच्या नोंदी बघितल्यावर उत्तर एकच उरलं: विषाणू समुद्रावरून हवेने आला.

यात डुकराचा वाटा मोठा आहे. लाळ्या-खुरकूत झालेलं डुक्कर श्वासावाटे जितका विषाणू बाहेर टाकतं, तितका गाय किंवा मेंढी टाकत नाही. विषाणूच्या काही वाणांच्या बाबतीत हा फरक हजार पटींहून जास्त मोजला गेला आहे. गंमत म्हणजे हेच डुक्कर हवेतून आलेल्या विषाणूला सहजासहजी बळी पडत नाही. त्याला मोठी मात्रा लागते. गायीचं नेमकं उलट. ती फार विषाणू सोडत नाही, पण तिला लागण व्हायला अगदी थोडे कण पुरतात आणि दिवसभरात ती हवा ओढते भरपूर. थोडक्यात, डुक्कर हे धुराडं आणि गाय हे जाळं. म्हणून वाऱ्याने लांबवर गेलेल्या साथींमध्ये उगमाला बहुतेकदा डुकरं सापडतात आणि शेवटी गायी.

वाटेत काय होतं, तेही महत्त्वाचं. सापेक्ष आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या खाली गेली, की हवेतला हा विषाणू झपाट्याने निकामी होतो. जमिनीवर झाडं, टेकड्या, घरं आणि तापलेली माती हवा घुसळत राहतात, त्यामुळे विषाणू विरळ होत जातो. थंड समुद्रावर मात्र हवा दमट आणि संथ, घुसळण कमी. विषाणूचा पट्टा फारसा न पसरता पुढे सरकतो. एरवी जमिनीवर काही किलोमीटरांत संपणारा प्रवास खाडीवर इतका लांबला, तो यामुळे.

२००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची मोठी साथ आली. तिचा माग हेडन-ऑन-द-वॉल इथल्या एका डुकरांच्या फार्मपर्यंत गेला. तिथल्या जनावरांना नीट न उकळलेलं उष्टं-खरकटं घातलं जात होतं. तिथून काही किलोमीटरवरच्या फार्मवर विषाणू बहुधा वाऱ्याने गेला, पण देशभर त्याला नेलं ते बाजारांतून फिरणाऱ्या मेंढ्यांनी. म्हणूनच ‘हवेतून आला’ हे स्पष्टीकरण मला जरा सोयीचं वाटतं. वाऱ्याला दोष दिला की ट्रकची चाकं आणि गमबूट धुण्याचा प्रश्न मागे पडतो.

तरीही वारा निर्दोष नाही, हे अमेरिकेतल्या मिनेसोटात दिसलं. तिथे प्रश्न होता पीआरआरएस या डुकरांच्या वेगळ्या विषाणूजन्य आजाराचा. त्याच्या विषाणूने डुकरिणी गाभडतात आणि पिल्लांना श्वासाचा त्रास होतो. मिनेसोटा विद्यापीठात स्कॉट डी आणि सहकाऱ्यांनी मुद्दाम लागण केलेल्या डुकरांचा कळप ठेवून आजूबाजूच्या हवेचे नमुने घेतले. सुमारे ९ किलोमीटरवरच्या हवेतही लागण करू शकणारा विषाणू मिळाला. थंडी, दमटपणा, मंद वारा आणि कमी ऊन असलं की त्याचं फावतं. इथे धुराडंही डुक्कर आणि जाळंही डुक्कर.

मग तिथल्या अनेक फार्मनी शेडच्या हवेलाच गाळण्या बसवल्या. खर्चिक काम. त्यातही एक गोची: पंख्यांनी आतली हवा बाहेर ओढली, की शेडमध्ये दाब कमी होतो आणि भिंतीतल्या फटी नि दारांतून न गाळलेली हवा आत घुसते. त्यामुळे काही ठिकाणी पंखे उलटे लावून गाळलेली हवाच आत ढकलतात. मग फटींतून हवा बाहेरच जाते.

आपल्याकडे मिझोराममध्ये २०१३ साली पीआरआरएसची साथ आली होती. २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात आलेला आफ्रिकन स्वाइन फीवर मात्र वेगळ्या वाटेचा. त्याचा विषाणू हवेतून गेलाच तर एका शेडपुरता. तो मुख्यतः आजारी जनावराच्या संपर्कातून, मांसातून आणि हॉटेलच्या खरकट्यातून पसरतो. तिथे शेडला महागडी गाळणी बसवण्यापेक्षा खरकटं उकळून घालणं, किंवा न घालणंच, जास्त उपयोगाचं आहे.