यंत्र काय करतंय, हे ऑपरेटरला कळायला हवं

मशीन चालता चालता थांबलं तर का थांबलं, हे बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे औद्योगिक वसाहतींच्या शेडमधला सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारं यंत्र) ऑपरेटर रोजच विचारतो. रोबो आणि माणूस मिळून एकच काम करू लागले की या प्रश्नावर जीव अवलंबून असतो.

1978 मध्ये एमआयटीत थॉमस शेरिडन आणि विल्यम वरप्लँक यांनी समुद्राखालची यंत्रं दुरून चालवण्याचा अभ्यास करताना किती काम माणसाकडे आणि किती यंत्राकडे, याच्या दहा पायऱ्या मांडल्या. पहिलीवर सगळं माणूस करतो, दहावीवर यंत्र त्याला विचारतही नाही. अडचण मधल्या पायऱ्यांची. सहावीवर यंत्र ठरवतं आणि नकार द्यायला माणसाला थोडाच वेळ देतं. सातवीवर आधी करून मग सांगतं.

यंत्र काय करतंय हे माणसाला न कळण्याची किंमत आपल्याच कर्नाटकात मोजली गेली. 14 फेब्रुवारी 1990 ला मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं एअरबस ए-320 विमान बंगळूरला उतरताना कोसळलं आणि 92 जण गेले. विमान अशा मोडमध्ये होतं की इंजिनं अगदी कमी शक्तीवर चालू होती, आणि वैमानिकांच्या ते वेळेत ध्यानात आलं नाही. या विमानात संगणक इंजिनाची शक्ती कमी-जास्त करतो तेव्हा वैमानिकाच्या हाताखालचे लिव्हर हलत नाहीत. मोड समोरच्या पडद्यावर अक्षरांत लिहिलेला असतो, हाताला मात्र काहीच कळत नाही. पडद्यावर लिहिलेलं असणं आणि माणसाला उमगणं यांत केवढं अंतर आहे, ते इथे दिसलं.

दोन वर्षांनी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गजवळ त्याच प्रकारचं विमान पडून 87 जण मेले. उतरण्याचा कोन आणि उतरण्याचा वेग वैमानिकासमोरच्या एकाच चौकटीत, जवळजवळ सारख्याच आकड्यांनी दिसत. तिथेच गल्लत झाली असावी, असं तपासात पुढे आलं. नंतर वेग चार आकडी दाखवायला लागले. एअरबसचे सुटे भाग आज बेळगावजवळच्या हत्तरगीच्या सेझमध्येही (विशेष आर्थिक क्षेत्रात) बनतात, म्हणून ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये.

आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेच्या 2021 च्या 7001 या, स्वयंचलित यंत्रणांच्या पारदर्शकतेसाठीच्या मानकाने स्पष्टीकरण कुणासाठी हे वेगवेगळं धरलं: वापरणाऱ्याला एक, अपघात तपासणाऱ्याला दुसरं. मला यातला वापरणारा महत्त्वाचा वाटतो. खानापूरच्या मराठी शाळेतून आयटीआय करून रोबोशेजारी उभ्या राहणाऱ्या पोराला अलार्म इंग्रजीत दिसला, तर तो त्याच्यासाठी नुसता लाल दिवा. कानडी शाळेतून आलेल्या त्याच्या जोडीदाराचंही तेच. रोबोची ऑर्डर देतानाच इशारे मराठी आणि कन्नडमध्ये हवेत, ही अट कारखानदारांनी करारात घालावी.