सोयाबीनच्या वाणांची तुलना एकाच शिवारात का संपत नाही

सोयाबीनचा एखादा वाण एका केंद्रावर सगळ्यांत वर असतो आणि काही शे किलोमीटर उत्तरेला किंवा दक्षिणेला नेला की पार खाली जातो. असे आकडे पाहिले की पहिला संशय चाचणीवर येतो. पण चाचणी चोख झालेली असतानाही हे घडतं, कारण या पिकाचा स्वभावच तसा आहे.

तो स्वभाव अमेरिकेच्या कृषी विभागातल्या वाइटमन गार्नर आणि हॅरी अलार्ड यांच्या कामातून उलगडला. ‘बिलॉक्सी’ हा वाण त्यांनी वेगवेगळ्या तारखांना पेरला. पेरणी कितीही पुढेमागे केली तरी फुलं जवळपास एकाच सुमाराला लागली. १९२० मध्ये त्यांनी त्याचं कारण मांडलं: दिवसाची लांबी. सोयाबीनला फुलोऱ्यासाठी पुरेशी मोठी रात्र लागते, आणि उन्हाळ्यात दिवस किती मोठा हे अक्षांशावर ठरतं. उत्तर गोलार्धात वाण आपल्या पट्ट्याच्या उत्तरेला नेला तर फुलोरा लांबतो, शेंगा भरण्याआधीच थंडी गाठते. दक्षिणेला नेला तर झाड लहान असतानाच फुलतं आणि उत्पादन घटतं. म्हणूनच पुढे वाणांचे ००० पासून १० पर्यंत १३ पक्वता गट, म्हणजे पीक तयार व्हायला लागणाऱ्या काळानुसारचे गट, पडले. वेगळ्या गटांतले वाण एकाच तक्त्यात मांडून विजेता ठरवणं मला सरळसरळ चुकीचं वाटतं.

१९३६ मध्ये इलिनॉयमधल्या अर्बाना इथे सोयाबीनची प्रादेशिक प्रयोगशाळा उभी राहिली. तिच्यामुळे अनेक राज्यांत, पक्वतेनुसार गट करून, वाणांचा तोच संच पेरून पाहण्याची पद्धत रुजली. मोठं काम होतं ते. तुलनेला अर्थ यायचा तर बियाणं, ओळींतलं अंतर, मळणीनंतरचा ओलावा हे सगळं सारखं धरावं लागतं, आणि हे शिस्तीचं काम मोजमापाइतकंच मोलाचं आहे.

आकडे वाचायचे कसे, हा प्रश्न वेगळ्या पिकांवर सुटत गेला. रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रॉथम्स्टेड कृषी संशोधन केंद्रात प्लॉटची यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखी) मांडणी आणि विचरणाचं विश्लेषण, म्हणजे आकड्यांतला फरक कशाकशामुळे किती पडला हे वेगळं काढण्याची रीत, घडवली. १९३८ मध्ये येट्स आणि कॉक्रन यांनी अनेक ठिकाणचे प्रयोग एकत्र कसे तपासायचे ते दाखवलं, तेही मिनेसोटातल्या बार्लीच्या आकड्यांवर. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियात फिन्ले आणि विल्किन्सन यांनी २७७ बार्ली वाणांचं उत्पादन त्या त्या ठिकाणच्या सरासरीशी ताडून पाहिलं. आलेखावर प्रत्येक वाणाची एक रेषा मिळते. तिचा चढ १ पेक्षा जास्त असेल तर तो वाण चांगल्या परिस्थितीत झेप घेतो. कमी असेल तर हलक्या जागीही फारसा ढासळत नाही. १९६६ मध्ये एबरहार्ट आणि रसेल यांनी त्यात रेषेपासूनच्या विचलनाची, म्हणजे प्रत्यक्ष आकडे रेषेपासून किती दूर पडतात याची, जोड दिली.

ही पद्धत सोपी आहे म्हणून टिकली, पण सोयाबीनला ती पुरी पडत नाही. दोन ठिकाणांची सरासरी सारखी असू शकते: एकीकडे ती पावसाच्या खंडामुळे खाली आलेली, दुसरीकडे लवकर आलेल्या फुलोऱ्यामुळे. सरासरीला हा फरक दिसत नाही. वाणाला मात्र दिसतो. १९८८ मध्ये झोबेल, राइट आणि गॉच यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या सोयाबीन चाचण्यांवर ‘ॲमी’ (AMMI) ही सांख्यिकी पद्धत वापरली. कोणता वाण कोणत्या ठिकाणी वेगळा वागतो, या परस्परक्रियेतला नमुना तिने वेगळा काढला आणि निव्वळ गोंगाट, म्हणजे योगायोगाचे चढउतार, बाजूला ठेवला. क्रमवारीतली उलथापालथ ही फेकून द्यायची चूक नसून वाचायची माहिती आहे, हे त्या कामातून ठळक झालं. त्यातूनच सारख्या वागणाऱ्या ठिकाणांचे गट करून प्रत्येक गटासाठी वेगळी शिफारस करण्याचा विचार बळावला.

पण ठिकाणांच्या सीमाही कायमच्या नसतात. ब्राझीलमध्ये पैदासकारांनी लांब बाल्यावस्थेचा गुण वाणांत आणला. त्यामुळे लहान दिवसांतही फुलोरा उशिरा येतो आणि झाडाला वाढायला वेळ मिळतो. विषुववृत्ताजवळच्या ज्या पट्ट्यात सोयाबीन एरवी खुजं राहायचं, तिथे ते मुख्य पीक झालं. अशा वाणांची कुवत त्याच पट्ट्यातल्या केंद्रांवर कळते. समशीतोष्ण प्रदेशात ते पक्व व्हायच्या आतच हंगाम संपतो.