नाशिकची सहा अक्षरे आणि इंग्रजी शब्दांचा शोध

नाशिकचे नाव इंग्रजीत लिहिताना एन, ए, एस, एच, आय आणि के ही सहा अक्षरे लागतात, आणि त्यांतले एकही दोनदा येत नाही. ही सहाही अक्षरे ज्यांत आहेत असे इंग्रजी शब्द कोणते, असे कुणी विचारले तर चांगले इंग्रजी जाणणाराही अडखळतो. उत्तरे मात्र ओळखीची आहेत: शेकिंग म्हणजे हलणे किंवा थरथरणे, हँकीज म्हणजे हातरुमाल, श्रिंकेज म्हणजे आकसणे आणि अमेरिकेतला सण थँक्सगिव्हिंग. लबाड या अर्थाचा नेव्हिश हा शब्दही त्यांत बसतो. पण त्याच्या आरंभीच्या केचा उच्चारच होत नसल्यामुळे कानावर भिस्त ठेवणाऱ्याला तो सहसा सापडत नाही. शब्द आपल्याला आठवतात ते अर्थावरून, उच्चारावरून किंवा पहिल्या अक्षरावरून, आणि शब्दकोशही पहिल्याच अक्षरापासून लावलेला असल्यामुळे पोटात के असलेला शब्द त्याच्या कोणत्याही पानावर दडलेला असू शकतो.

सहा अक्षरे उलटसुलट मांडून पाहायची म्हटली तर ७२० मांडण्या होतात. सातवे अक्षर घेतले की मांडण्या ५,०४० होतात, शिवाय ते सातवे अक्षर २६ पैकी कोणतेही असू शकते. म्हणून संगणक उलट्या बाजूने निघतो: अक्षरांपासून शब्द घडवण्याऐवजी तो तयार शब्दयादीतला एकेक शब्द तपासतो आणि तपासताना अक्षरांचा क्रम सोडून देतो. सगळी मेख या क्रम सोडण्यातच आहे.

नाशिककरांना ही कल्पना एका निराळ्या रूपात माहीत असते. देवळालीला शाळेत अनेक वर्षे शिकवणारे गणिती द. रा. कापरेकर यांच्या ६१७४ या स्थिरांकाकडे जाणारी रीत अशी: सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करावी आणि येणाऱ्या उत्तरावर तेच पुन्हा करत जावे, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. ३५२४ घेतल्यास ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. पहिल्याच पायरीवर मूळ क्रम पुसला जात असल्याने ३५२४ काय नि २४५३ काय, दोहोंची वाट एकच. शब्दांचेही तसेच होते. लिसन आणि सायलेंट या शब्दांची अक्षरे वर्णक्रमाने लावली की दोन्हींतून ई, आय, एल, एन, एस, टी एवढेच उरते, आणि एकाच अक्षरसंचाचे शब्द आपोआप एका गटात येऊन पडतात.

आपला प्रश्न याहून थोडा मोकळा आहे, कारण शब्दात जास्तीची अक्षरे चालणार आहेत. त्यासाठी प्रत्येक शब्दाला २६ बटणांची एक पाटी दिली जाते आणि शब्दात असलेल्या अक्षराचे बटण चालू ठेवले जाते. नाशिकच्या पाटीवरची सहा बटणे समोरच्या शब्दाच्या पाटीवरही चालू आहेत की नाहीत, हे संगणकाला अँड या, दोन्ही पाट्यांवर चालू असलेली बटणेच ठेवणाऱ्या साध्या क्रियेने आणि एका तुलनेने कळते. मात्र एस दोनदा हवा असेल तर ही पाटी मुकी ठरते, कारण अक्षर आहे एवढेच ती सांगते, किती वेळा आहे ते सांगत नाही.

तेथे मूळ संख्या कामी येतात, आणि मला या विषयातला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो. एला २, आयला ३, एनला ५, एसला ७, एचला ११, केला १३ आणि जीला १७ अशा संख्या देऊन गुणाकार केला की नाशिकची संख्या ३०,०३० होते आणि शेकिंगची ५,१०,५१०. भागून पाहिले तर बाकी शून्य उरते आणि भागाकार येतो १७, म्हणजे जास्तीचे अक्षर जी हेही त्याच हिशेबात कळते. आस्किंगची संख्या ४६,४१० आहे. तिला ३०,०३० ने निःशेष भाग जात नाही, कारण तिच्यात एचचा ११ नाही. कोणत्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, म्हणून येथे गफलत होऊ शकत नाही, आणि दोनदा आलेला एस ७ गुणिले ७ या रूपाने मोजलाही जातो. लांब शब्दांचे गुणाकार फार मोठे होतात, एवढीच काय ती अडचण.

कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्याने सर्वांत दुर्मीळ अक्षरापासून सुरुवात करावी. इंग्रजीत ई सर्वांत जास्त वापरले जाते, के फार कमी. अक्षरांच्या सोंगट्यांनी शब्द जुळवायच्या स्क्रॅबल या खेळाच्या इंग्रजी संचातील १०० सोंगट्यांत ईच्या १२ आहेत आणि केची एकच, ती याचमुळे. के असलेलेच शब्द आधी आठवले की बहुतेक यादी सुरुवातीलाच गळून पडते.

हीच रीत मराठीला जशीच्या तशी लावली तर फसते. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत, काना हे स्वतंत्र चिन्ह असल्याने कान आणि नाक या दोन्ही शब्दांतून क, न आणि काना हीच तीन चिन्हे निघतात आणि संगणक त्यांना एकाच गटात टाकतो. शब्दकोडे सोडवणारा मात्र एका चौकोनात ‘का’ आणि दुसऱ्यात ‘न’ लिहितो, आणि त्या हिशेबाने नाकमध्ये त्यातले एकही अक्षर नाही. त्यामुळे मराठीसाठी शब्द आधी काना-मात्रा आणि जोडाक्षरांसह अक्षरांत तोडावा लागतो, आणि मगच त्या अक्षरांचा क्रम लावता येतो.