उन्हाने बिघडलेल्या कातडीला पुन्हा ऊन?

ब्रिस्बेनहून भाचीचा फोन आला. शेजारच्या आजोबांना डॉक्टरांनी टकलावर मलम लावून दोन तास बागेत बसायला सांगितलंय. "मामा, ज्या उन्हाने कातडी बिघडली त्यातच परत?"

गोऱ्या कातडीवर वर्षानुवर्षं ऊन पडलं की कपाळावर, टकलावर पॉलिश पेपरसारखे खरखरीत चट्टे उठतात. नाव अ‍ॅक्टिनिक केराटोसिस. हा कर्करोग नव्हे, पण यातल्या काहींचा पुढे होऊ शकतो. कातडीला रंग देणाऱ्या मेलॅनिनच्या कृपेने आपल्याकडे हे चट्टे क्वचितच दिसतात. अल्बिनिझम असलेल्यांना, म्हणजे ज्यांच्यात जन्मतःच हे मेलॅनिन नसतं किंवा फार कमी असतं त्यांना, मात्र जपावं लागतं.

आजोबांच्या उपचाराचं नाव फोटोडायनॅमिक थेरपी, म्हणजे मलम आणि प्रकाश यांची जोडी. मलमात असतं अमायनोलेव्हुलिनिक आम्ल किंवा त्याचा मिथाइल भाऊ. हे विष नाही, कच्चा माल आहे. हिमोग्लोबिनमधलं लोह धरून ठेवणारं 'हीम' आपली जवळजवळ प्रत्येक पेशी थोडंफार बनवते. त्याची पहिली पायरी म्हणजे हेच आम्ल, आणि तिथे पहारा असतो: हीम पुरेसं झालं की उत्पादन बंद. मलम या पहारेकऱ्याला चुकवून माल थेट आत टाकतं. पुढच्या पायऱ्या मुकाट चालू राहतात. शेवटच्या पायरीवर प्रोटोपॉर्फिरिनमध्ये लोह बसवायचं असतं. बिघडलेल्या पेशींत तिथेच काम तुंबतं, शिवाय खरबरीत पापुद्र्यातून मलमही जास्त झिरपतं. बिनलोहाचं प्रोटोपॉर्फिरिन साचत जातं.

खरी गंमत इथे आहे. हीम प्रकाशात शांत असतं, प्रोटोपॉर्फिरिन नाही. ते ४१० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा प्रकाश अधाशासारखा शोषतं. ६३० चा लाल कमी, पण लाल प्रकाश कातडीत खोलवर पोचतो. शोषलेल्या ऊर्जेने इलेक्ट्रॉन वर चढतो, त्याची फिरकी उलटते आणि रेणू 'ट्रिप्लेट' अवस्थेत (दोन इलेक्ट्रॉनांची फिरकी एकाच दिशेला) अडकतो. शेजारचा ऑक्सिजन मुळातच ट्रिप्लेट, त्यामुळे देवाणघेवाण जमते. तो ऊर्जा घेऊन 'सिंग्लेट' (फिरक्या विरुद्ध दिशांना) होतो आणि समोर येईल त्यावर तुटून पडतो. मायक्रोमीटरचा दहावा भागही न ओलांडता संपतो. म्हणून भरलेली पेशी मरते, शेजारीण वाचते.

प्रकाशाने 'जाळतात' हा समज त्यामुळे चुकीचा. १९१२ मध्ये फ्रीडरिश मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टरने स्वतःलाच २०० मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरिन (प्रोटोपॉर्फिरिनच्याच कुळातलं) टोचून घेतलं आणि उन्हात जाताच त्याचा चेहरा सुजून फुगला. लाल बाटलीतलं 'सूर्यतप्त' पाणी पिणाऱ्यांनी आणि ऑनलाइन लाल दिव्याचे मुखवटे विकणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: चट्ट्यात पॉर्फिरिन साचलेलं नसेल, तर तो हा उपचार नव्हे.

आता भाचीचा प्रश्न. कातडी बिघडवतात अतिनील किरण. इथे हवा आहे दृश्य प्रकाश. म्हणून आजोबांना आधी सनस्क्रीन लावलं, तेही अतिनील अडवून बाकीचा प्रकाश आत सोडणारं. झिंक ऑक्साइडचं पांढरं लिंपण चालत नाही, ते दृश्य प्रकाशही परतवतं.

दवाखान्यातल्या दिव्याखाली तासन्‌तास साचलेला माल काही मिनिटांत पेटतो, म्हणून भयंकर चुरचुरतं. बागेत मलम लावल्यावर अर्ध्या तासातच बसायचं. पॉर्फिरिन बनेल तसं खर्च होतं, दुखणं बरंच कमी. उरलेला दिवस मात्र आजोबा घरात. मलम पुसलं तरी कारखाना लगेच बंद होत नाही.